सिमवाली पाटी

माजघरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत, सातबाऱ्याचे उतारे आणि सोसायटीच्या पावत्या यांच्या खाली, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक पाटी आहे. काचेची आहे, पण फुटलेली नाही. पाठ पांढरी. त्या पाठीवर जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावलेली आहे आणि तिच्यावर बॉलपेनानं लिहिलंय, ‘+ ५॥ तास’. अक्षर माझं आहे. गेल्या उन्हाळ्यात ट्रंकेतली कागदपत्रं उन्हाला काढली, तेव्हा नातवानं ती पाटी उचलली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, “आजोबा, हा एवढा जाड मोबाईल कुणाचा? आणि साडेपाच तास कसले?”

त्याला तेव्हा नीट सांगता आलं नाही. एक तर त्याला वेळ नव्हता आणि दुसरं म्हणजे त्या साडेपाच तासांत माझी आणि शेजारच्या आप्पांची एक अख्खी सुगी गेली होती. ती गोष्ट दोन वाक्यांत सांगण्यासारखी नाही. म्हणून इथं सविस्तर लिहितो.

आमचं गाव तासगाव तालुक्यातलं. पाण्याची ओढ, जमीन माळाची, आणि तरी द्राक्षबागांनी गाव वर काढलं. मी १९७७ साली दहावी पास झालो आणि वडिलांच्या मागं बागेत उभा राहिलो. त्या काळी फोन म्हणजे पोस्टातला एकच काळा डबा. मुंबईला ट्रंक कॉल लावायचा तर सकाळी नंबर सांगून यायचं आणि दुपारपर्यंत पोस्टाच्या पायरीवर बसायचं. पुढं तालुक्याला एसटीडीची पिवळी खोकी आली. द्राक्षाची गाडी दिल्लीला गेली की भाव विचारायला आम्ही सायकलीवरनं तिथं जायचो आणि मीटरचे लाल आकडे पळताना बघून छातीत धडधडायचं. ३१ जुलै १९९५ ला कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल फोन केला, ही बातमी मी पेपरात वाचली होती. वाचून पेपर शेळ्यांच्या दावणीखाली अंथरला. आपला त्याच्याशी काय संबंध, असं वाटलं. दहा वर्षांत माळावर टॉवर उभा राहिला आणि गड्याच्याही खिशात बटणाचा फोन आला.

बटणाच्या फोननं एक गोष्ट दिली, ती म्हणजे आवाज. पण द्राक्षाच्या शेतकऱ्याला आवाज पुरत नाही. पानावर डाग कसला पडलाय, ते फोनवर सांगून कळत नाही. “पिवळट हाय, तेलकट हाय, खालनं पांढरं दिसतंय,” असं मी सांगायचो आणि पलीकडून सल्लागार म्हणायचे, “बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.” तसंच ढगाचं. रेडिओवर सांगायचे, मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस पडेल. तुरळक ठिकाण म्हणजे माझी बाग का शेजाऱ्याची, हे कोण सांगणार?

अशा वेळी ही पाटी आमच्या घरात आली. तिचं नाव सॅमसंग गॅलेक्सी टॅब. २०१० च्या सप्टेंबरात बर्लिनच्या प्रदर्शनात कंपनीनं ती पहिल्यांदा दाखवली आणि नोव्हेंबरात ती भारतात आली. किंमत ३८ हजार. तेवढ्यात त्या वेळी चांगली दुभती म्हैस दावणीला आली असती. आम्ही कशाला घेतोय? पण माझा पुतण्या दुबईला नोकरीला होता. त्यानं ती तिथं घेतली, वर्षभर वापरली, आणि २०११ च्या दिवाळीला आला तेव्हा माझ्या हातात ठेवली. म्हणाला, “अण्णा, मी नवीन घेतोय. ही तुम्हाला. ह्यात सिम बसतंय.”

‘ह्यात सिम बसतंय’ हे तो सहज बोलून गेला, पण पाटीची सगळी किंमत त्या तीन शब्दांत होती, हे मला पुढं कळलं.

सिम घालायच्या पाट्यांचा इतिहास मी नंतर मुलीच्या मदतीनं थोडा वाचला. ही कल्पना काही नवी नव्हती. १९९३ साली अमेरिकेत ईओ नावाच्या कंपनीनं लेखणीनं लिहायची एक पाटी काढली होती आणि तिला सेल्युलर फोनचा जोड लावता यायचा. म्हणजे ज्योती बसूंच्या त्या फोनच्याही दोन वर्षं आधी. पण ती महाग होती, जड होती, आणि काळाच्या फार पुढं होती. वर्षभरात कंपनीच बंद पडली. मग २०१० साली अॅपलचा आयपॅड आला. ३० एप्रिलला त्याची सिमवाली जात अमेरिकेत विकायला लागली. तिला सिम होतं, पण ते फक्त इंटरनेटपुरतं. बोलता यायचं नाही. कॅमेरा नव्हता. सिमही नेहमीपेक्षा लहान लागायचं, म्हणून लोक साधं सिम कात्रीनं कातरून बसवायचे. वजन पाऊण किलोच्या आसपास. त्यावर सॅमसंगनं ही लहान पाटी काढली. तेव्हा अॅपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर सांगितलं होतं, की सात इंची पाट्या जन्मतःच मेलेल्या आहेत, एवढ्या लहान पडद्यावर नीट काम होत नाही. त्यांचा धंदा त्यांना ठाऊक. पण त्यांना बनियनच्या वरच्या कोपरीच्या खिशात पाटी घालून पंपाला औषध भरायचं नव्हतं.

माझी पाटी १९ सेंटिमीटर लांब, १२ सेंटिमीटर रुंद आणि सव्वा सेंटिमीटरला जरा कमी जाड. वजन ३८० ग्रॅम. म्हणजे शाळेतल्या दगडी पाटीपेक्षा लहान आणि हलकी. एका हाताच्या पंजात मावायची. काच जाड, चकचकीत. खाली चार खुणा होत्या, त्या बटणं नव्हेत, नुसत्या उजळणाऱ्या खुणा, बोट लावलं की काम करणाऱ्या. मागं ३.२ मेगापिक्सलचा कॅमेरा आणि त्याच्याशेजारी लहान दिवा. पुढं आणखी एक कॅमेरा, १.३ चा. उजव्या कडेला दोन झाकणं, एका झाकणाखाली सिम आणि दुसऱ्याखाली मेमरी कार्ड. सिम साधंच, माझ्या बटणाच्या फोनातलं काढून सरळ बसलं. कातरावं लागलं नाही.

तिच्यावरून फोन लागायचा. अमेरिकेत कंपन्यांनी ही पाटी विकली तेव्हा तिच्यातलं बोलणं बंद करून विकली होती. पण दुबईची आणि आपल्याकडची बोलकी होती. फक्त कानाला लावायची सोय नव्हती. कानाजवळचा स्पीकरच तिला दिलेला नव्हता. आवाज यायचा खालच्या कडेच्या दोन भोकांतून आणि तो सगळ्या शिवाराला ऐकू जायचा. वायर लावून कानात घालायची सोय होती, पण ती वायर पहिल्याच महिन्यात उंदरांनी खाल्ली. मग मी पाटी ताटासारखी पुढं धरून बोलायचो. एकदा व्याह्यांचा फोन आला, सुनेच्या माहेरच्या वाटणीचं बोलणं होतं, आणि खुडणीला आलेल्या बारा बाया हात थांबवून ऐकत होत्या. संध्याकाळपर्यंत ते बोलणं आमच्या घराच्या आधी गावात पोचलं. तेव्हापासून घरातलं बोलायचं असलं की मी पाटी घेऊन विहिरीच्या काठाला जायचो.

हाताचा मोठा प्रश्न होता. पडद्याला कातडीचा स्पर्श लागतो. माझ्या बोटांना घट्टे, वर बोर्डोची निळी पुटं. कधी बोट लागायचं, कधी लागायचं नाही. हात ओला असला तर पडदा खुळ्यासारखा पळत सुटायचा. मी उलट्या बोटाच्या पेरानं दाबायला शिकलो, तिथलं कातडं जरा मऊ असतं. उन्हात पडदा म्हणजे आरसा. त्यात स्वतःचं तोंड दिसायचं, बाकी काही नाही. डोक्यावर टॉवेल घेऊन, जत्रेतल्या फोटोवाल्यासारखं आत वाकून बघावं लागायचं. बायको म्हणायची, “देवाला कौल लावतायसा व्हय?”

बॅटरी चांगली होती. ४००० एमएएचची. माझ्यासारखा जपून वापरणारा असला तर दोन दिवस जायचे. पण भरायला त्रास. तिची वायर वेगळी, रुंद तीस पिनांची, आणि चार्जरही तिचाच लागायचा. दुसऱ्या मोबाईलच्या चार्जरवर रात्रभर ठेवली तरी काटा जागचा हलायचा नाही. त्यात भारनियमन. त्या वर्षांत आमच्याकडं दिवसातले आठ-दहा तास लाईट नसायची. लाईट आली की आधी मोटर का आधी पाटी, असा प्रश्न पडायचा, आणि अर्थात मोटर जिंकायची.

बरं, पाटी भरलेली असून भागत नव्हतं. माळावरच्या टॉवरलाही लाईटच लागायची. त्याची बॅटरी उतरली आणि डिझेल संपलेलं असलं की पडद्यावरच्या पट्ट्या एक एक करून जायच्या. त्या पट्ट्यांशेजारी एक इंग्रजी अक्षर यायचं. ‘जी’ आलं तर गाडी बैलाची, ‘ई’ आलं तर सायकलची. २०१० च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारनं ३जीचा लिलाव केला होता आणि त्यातून ६७ हजार कोटींच्या वर पैसा मिळाला, हे आम्ही पेपरात वाचलं होतं. पाटी त्या ३जीसाठीच बनवलेली होती. पण ते ३जी आमच्या माळावर यायला फार वर्षं लागली. तोवर ती शर्यतीची घोडी आम्ही औताला जुंपून चालवली, म्हटलं तरी चालेल.

आणि तिला मराठी येत नव्हतं. परदेशातली पाटी, अँड्रॉइडचं २.२ नंबरचं जुनं रूप. मराठी बातमीचं पान उघडलं की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. ओळीच्या ओळी रिकामे डबे. मी दहावी शिकलेला माणूस, पण पाटीपुढं अंगठेबहाद्दर झालो. सांगलीला कॉलेजात असलेल्या माझ्या मुलीनं त्याला उपाय काढला. ओपेरा मिनी म्हणून एक ब्राउझर होता. त्यात पत्त्याच्या जागी एक ठरावीक शब्द टाकला की आतलं गुपित पान उघडायचं, आणि तिथं एक ‘हो’ करायचा होता. तेवढं केल्यावर अक्षरं अक्षरं म्हणून यायची नाहीत, त्यांचं चित्र काढून ते चित्र लांबच्या यंत्रावरून पाठवलं जायचं. जरा वेळ लागायचा, कडा खडबडीत दिसायच्या, पण डब्यांच्या जागी मराठी उमटली. त्या रात्री मी शेतीपानावरची एक साधी बातमी, गायीच्या दुधाबद्दलची, तीनदा वाचली.

हे सगळे त्रास सांगितले तरी पाटी मी सोडली नाही, ते तिच्या सिममुळं. २०११ च्या ऑक्टोबरात सरकारनं विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ नावाची स्वस्त पाटी दिल्लीत जाहीर केली. मोठा गाजावाजा झाला. तीही सात इंचीच होती. पण विद्यार्थ्यांच्या पाटीला सिम नव्हतं, ती वायफायवर चालायची. आता वायफाय म्हणजे घरात आधी फोनची तार हवी, तिच्यावर डबा हवा, डब्याला लाईट हवी. आमच्या वस्तीवर कुत्रं बांधायला तार नव्हती, फोनची कुठली! स्वस्त पाटी आली असती तरी ती आमच्याकडं मुकीच राहिली असती. माझी पाटी हळू का होईना, पण बागेच्या मधोमध उभा राहून मी ती जगाला जोडू शकत होतो. ज्याच्या दारात रस्ता नाही त्याला पायवाटेचं मोल कळतं.

तिचा पहिला उपयोग झाला तो पानाचा. त्या हंगामात पानाखाली पांढरी बुरशी धरली. मी पान उलटं करून, कॅमेऱ्याचा दिवा लावून फोटो काढला आणि सल्लागारांना पाठवला. फोटो जायला चहा करून पिऊन होईस्तोवर वेळ लागला. पण तासाभरात उत्तर आलं, दावण्या आहे, आज संध्याकाळच्या आत औषध घ्या. घेतलं. बाग राहिली. मग वाड्यावस्त्यांवरचे लोक पानं खिशात घालून माझ्याकडं यायला लागले. “अण्णा, एवढं पाटीला दाखवा की.” मला बरं वाटायला लागलं. खोटं कशाला सांगू, जरा जास्तच बरं वाटायला लागलं.

दुसरा उपयोग ढगाचा. भारतीय हवामान खात्याच्या संकेतस्थळावर उपग्रहानं काढलेलं ढगांचं चित्र यायचं. तो उपग्रह कल्पना-१. २००२ साली सोडला तेव्हा त्याचं नाव मेटसॅट होतं, पण अवकाशयानाच्या अपघातात कल्पना चावला गेल्या आणि २००३ साली त्याला त्यांचं नाव दिलं. पृथ्वीपासून ३६ हजार किलोमीटरवर, कायम आपल्याच डोक्यावर उभा राहून तो खाली बघत असे. ते चित्र पाटीवर वरून खाली, नाटकाचा पडदा सोडावा तसं उतरायचं. आधी हिमालय, मग दिल्ली, मग नर्मदा, आणि आपला महाराष्ट्र यायच्या वेळेला नेमकं अडकायचं. पण आलं की डोळ्यांचं पारणं फिटायचं. सात इंचांवर बोटांनी ताणून मोठं करता यायचं. कुठं ढग आहे, कुठं नाही, हे मी, माळावरचा माणूस, वरून बघत होतो. लहानपणी वडील उगवतीकडं बघून, मुंग्यांची अंडी बघून, वाऱ्याचा वास घेऊन सांगायचे. मी पाटी बघून सांगायला लागलो.

एप्रिल महिना होता. आमच्याकडं द्राक्षाचा बेदाणा करतात. द्राक्षं द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरायची. वर छप्पर असतं, पण बाजू उघड्या, कारण वारा खेळला पाहिजे. पंधरा-अठरा दिवसांत माल वाळतो. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. पाऊस येणार असेल तर चारी बाजूंनी कागद सोडून बांधायचा. हे सहा माणसांचं दोन तासांचं काम. आणि पाऊस आला नाही तर रात्रभर कोंडलेल्या दमटपणानं मालाचा रंग जातो. म्हणून उगीच कागद सोडायचा नसतो. सोडायचा का नाही, ह्या एका निर्णयावर वर्षाची कमाई उभी असते.

माझ्या शेडमध्ये सहा टन द्राक्षं होती, आठव्या दिवसाची. शेजारच्या शेडमध्ये आप्पांची चार टन. आप्पा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, वडिलांच्या माघारी मला त्यांचाच आधार. त्या दिवशी दुपारपासून वारा पडला होता. पान हलत नव्हतं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला आप्पा माझ्या शेडवर आले आणि म्हणाले, “अण्णा, उगवतीला जरा काळं दिसतंय. गडी जायच्या आत कागद सोडूया का? काय म्हणतीया तुझी पाटी?”

मी टॉवेल डोक्यावर घेऊन पाटी उघडली. ‘ई’ होतं. चित्र उतरलं. विजापूरच्या अंगाला फुलकोबीच्या गड्ड्यासारखा एक पांढरा गोळा होता. कोपऱ्यात वेळ लिहिली होती, ०९००, आणि पुढं इंग्रजीत यूटीसी अशी तीन अक्षरं. मी वाचलं, नऊ वाजता. म्हणजे सकाळचं चित्र. मनात हिशोब केला, की आता पाच वाजले, ह्या गोष्टीला आठ तास झाले. एवढ्या वेळात हा गोळा यायचा असता तर दुपारीच आला असता. विरला असणार.

“सकाळचं हाय ते, आप्पा,” मी म्हणालो. “आता त्यात काय न्हाई. निवांत झोपा.”

आप्पांनी एकदा उगवतीकडं बघितलं, एकदा पाटीकडं बघितलं, आणि गेले. त्यांनी आपल्या गड्यांनाही घरी सोडलं.

साडेआठला वारा सुटला. असा की शेडचे पत्रे टाळ वाजवायला लागले. घरातली सगळी माणसं पळत गेलो, कागद सोडायला लागलो, पण वाऱ्यानं कागद हातातून ओढून फाडून नेला. मग पाऊस आला, सरळ नव्हे, आडवा. छप्पर असून उपयोग नव्हता. बॅटरीच्या उजेडात मला दिसत होतं, रॅकच्या वरच्या जाळीपासून खालच्या जाळीपर्यंत पाणी ठिबकत होतं. पलीकडच्या शेडमध्ये आप्पा आणि त्यांची म्हातारी दोघंच होती. काकू लुगड्याचा पदर रॅकवर धरून उभ्या होत्या. पदरानं काय झाकणार?

सकाळी माल हाताला चिकटत होता. तिसऱ्या दिवशी आंबूस वास आला. पुढं तो काळा माल म्हणून निम्म्याहून कमी भावात गेला. सोसायटीचा हप्ता भरायला बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या. आप्पांनी एक म्हैस विकली.

गावात बोललं गेलं, की पाटी खोटं बोलली. माझ्यावर कुणी बोट ठेवलं नाही. उलट लोक मला समजावत होते, “यंत्रच ते, त्याचा काय भरवसा.” मीही मान हलवत होतो. पाटी मी कोनाड्यात पालथी घालून ठेवली.

आठ-दहा दिवसांनी मुलगी सुट्टीला आली. तिला मी सगळं सांगितलं. तिनं पाटी काढली, लाईट येईपर्यंत थांबली, भरली, आणि तसंच चित्र उघडलं. बघून म्हणाली, “अण्णा, हे यूटीसी म्हणजे आपली वेळ नव्हं. ग्रिनिचची वेळ.”

मला पुढचं सांगावं लागलं नाही. दहावीच्या भूगोलात मी हे शिकलो होतो. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरची. एका अंशाला चार मिनिटं. साडेब्याऐंशी गुणिले चार, तीनशेतीस मिनिटं. साडेपाच तास. हा हिशोब मला तोंडपाठ होता. म्हणजे ०९०० चं ते चित्र सकाळचं नव्हतंच, दुपारी अडीचचं होतं. तो पांढरा गोळा अडीच वाजता विजापूरकडं तयार होत होता, वळीव होतो तसा, दुपारच्या तापीत. मी बघितलं तेव्हा त्याला आठ तास झाले नव्हते, अडीच तास झाले होते. आणि तो साडेतीन तासांनी आमच्यावर आला. कागद सोडायला दोन तास लागतात. पाटी खरं सांगत होती. काळं बघून आप्पाही खरं सांगत होते. दोन्ही खरी माणसं सोडून मी माझ्या शहाणपणावर गेलो.

त्या रात्री झोप लागली नाही. हे आप्पांना सांगायचं का? न सांगितलं तर कुणाला कळणार नव्हतं. दोष यंत्रावर गेलेलाच होता आणि यंत्राला बोलता येत नाही. बायको म्हणाली, “झालं ते झालं, आता उकरून काय करायचं?” पण ज्या माणसानं माझ्या शब्दावर गडी घरी पाठवले, त्याच्यापुढून रोज बांधावरनं जायचं होतं. सकाळी धारा झाल्यावर त्यांच्याकडं गेलो आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. “आप्पा, पाटी चुकली न्हवती. मी घड्याळ चुकीचं वाचलं. तुमची चार टन माझ्यामुळं गेली.”

आप्पा कितीतरी वेळ गोठ्याकडं बघत राहिले, जिथं म्हशीची दावण मोकळी होती. मग काकूंना म्हणाले, “अण्णाला चहा टाक.” दुसरं काही बोलले नाहीत. मी चहा घेतला. त्या उन्हाळ्यात ते पुन्हा माझ्या शेडवर आले नाहीत.

मी दुकानातून चिकटपट्टी आणली, पाटीच्या पाठीवर लावली आणि लिहिलं, ‘+ ५॥ तास’. तसंच वहीत दोन रकाने पाडले, एकात चित्रातली वेळ, दुसऱ्यात आपली. एकच चित्र बघून काही सांगायचं नाही, तासाच्या अंतरानं दोन बघायची आणि गोळा कुठल्या अंगाला सरकतोय ते बघून मगच बोलायचं, असा नेम केला. आणि कुणी विचारलं तर “झोपा निवांत” हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. काय दिसतंय ते सांगायचं, निर्णय त्याचा त्यानं घ्यायचा.

पुढच्या वर्षी मार्चच्या अखेरीला शेड भरल्या. एका संध्याकाळी आभाळ भरून आलं. मी पाटी उघडून बसलो होतो. मागून काठीचा आवाज आला. आप्पा होते.

“काय म्हणतीया पाटी?” त्यांनी विचारलं, आणि खाली बसत म्हणाले, “घड्याळ मिळवलंयस न्हवं?”

मी पाटी उलटी करून चिकटपट्टी दाखवली. ते हसले. वर्षभरानं हसले. मग आम्ही दोघांनी चित्र बघितलं, उगवतीकडं बघितलं, आणि त्यांनीच सांगितलं, “सोडूया कागद.” सोडला. चार शिंतोडे आले आणि गेले. कागद सोडायला नको होता, मालाचा रंग जरा गेला. पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

पाटी अशी पाच वर्षं चालली. नवीन अँड्रॉइड तिच्यात घालायला कॉम्प्युटरला जोडावी लागायची, ते कधी झालं नाही. २०१६ च्या शेवटी व्हॉट्सअॅपनं अँड्रॉइड २.२ ला रामराम केला, आणि फोटो पाठवायचं बंद झालं. त्याच सुमारास तिची ती तीस पिनांची वायर आत तुटली. तासगावात मिळेना, सांगलीत मिळेना. एका दुकानदारानं आयपॅडची वायर पुढं केली, दिसायला सारखीच, पण बसेना. पाटी धडधाकट असून उपाशी मेली. तोवर सहा हजारांत मराठी वाचणारा, कानाला लागणारा फोन मिळायला लागला होता आणि मुलानं तो आणून दिला. पाटी ट्रंकेत गेली.

आता नातवाच्या फोनवर पावसाचा अंदाज आपल्याच वेळेत येतो, तासातासाचा, टक्केवारीसकट. त्याला ग्रिनिच मिळवावं लागत नाही. चांगलंच आहे. आप्पाही आता नाहीत. त्यांच्या शेडमध्ये त्यांचा नातू बेदाणा करतो आणि आभाळ भरून आलं की मला फोन करून विचारतो, “आजोबा, काय वाटतंय?” मी आधी बाहेर येऊन उगवतीकडं बघतो, मग फोन बघतो, आणि दोन्हीकडं काय दिसलं तेवढंच सांगतो.

हे सगळं लिहून झाल्यावर नातवाला वाचून दाखवलं. त्यानं पाटी पुन्हा हातात घेतली, नखानं चिकटपट्टीची कड उकरली आणि विचारलं, “हे काढून स्वच्छ करू का?”

म्हटलं, राहू दे.